मैदान आपले, नोंदवहीही आपली

मराठी वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची ओळख नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिकडच्या लेखकांविषयी इकडच्या तरुणांशी बोलू लागले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. कविता आली, आत्मकथने आली, चळवळीची भाषा आली. एक गोष्ट मात्र वाटेतच राहिली. त्या समाजाने आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांवर जे उभे केले आणि त्या मैदानांची बातमी स्वतःच्या हाताने लिहिण्याची जी परंपरा घडवली, ती आपल्यापर्यंत पोचली नाही. या पुस्तकाच्या पुढच्या पानांचा विषय ती परंपरा आहे.

वरवट बकालमध्ये बसून हा विषय का मांडावा, असे कोणी विचारील. शेगावहून उत्तरेला निघाले की संग्रामपूर तालुक्यात हे गाव लागते. वर सातपुड्याची रांग, एका अंगाला वान नदी आणि वारी हनुमानचे धरण, खाली खारपाणपट्ट्यातली कपाशी आणि सोयाबीन. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर आणि डोंगरातल्या आदिवासी वस्त्या, या साऱ्या भागातली मुले-मुली कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, पळतात, आखाड्यात उतरतात. महाविद्यालयात गेल्यावर त्यांच्यातली काही संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ‘कलर होल्डर’ म्हणवतात. मग पदवी होते, लग्न होते, पोलीस भरती होते किंवा होत नाही, आणि खेळ संपतो. त्या तीन वर्षांत अशा एखाद्या मुलीने किती चढाया केल्या, कोणत्या संघाविरुद्ध, निकाल काय लागला, हे कुठे लिहिलेले सापडत नाही. तिच्याकडे एक प्रमाणपत्र असते आणि मोबाइलमध्ये एक फोटो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लहान गावांत शंभर वर्षांपूर्वी हीच स्थिती होती. तिथल्या माणसांनी तिच्यावर काय उपाय केला, ते कळले तर इथे उपयोगी पडेल. म्हणून हा विषय इथून मांडतो आहे.

आधी त्या महाविद्यालयांविषयी. अमेरिकेत ‘हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज’, थोडक्यात एचबीसीयू, अशी संज्ञा आहे. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्थांना ती कायद्याने लागू होते. अशा शंभरेक संस्था आजही चालू आहेत, बहुतेक दक्षिणेतल्या राज्यांत. गुलामगिरी संपल्यावर लगेच फिस्क आणि हॉवर्ड उभ्या राहिल्या, १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांची टस्कीगी आली. डुबॉइस स्वतः फिस्कचे पदवीधर. गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते, त्यामुळे या संस्थांतच डॉक्टर घडले, वकील घडले, शिक्षक घडले, आणि खेळाडूही घडले. २७ डिसेंबर १८९२ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या सॅलिसबरी गावी बिडल आणि लिव्हिंगस्टन या दोन महाविद्यालयांत बर्फ पडत असताना अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधला हा पहिला सामना. मुलांनी वर्गणी काढून चेंडू आणला होता, नेहमीच्या बुटांनाच खिळे ठोकून घेतले होते. सामना गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांच्या दृष्टीने घडलाच नव्हता. त्याची आठवण त्या संस्थांनीच जपली, म्हणून आज तारीख सांगता येते.

पुढच्या सत्तर वर्षांत या मैदानांवर जे झाले ते थक्क करणारे आहे. टेनेसी स्टेट या महाविद्यालयात एड टेम्पल नावाचे प्रशिक्षक मुलींना धावायला शिकवत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदके जिंकली. लहानपणी पोलिओमुळे पायाला आधार लावून चालणारी ही मुलगी. त्या ऑलिंपिकमधल्या चार बाय शंभर मीटर रिलेत अमेरिकेच्या चारही धावपटू याच एका महाविद्यालयाच्या होत्या. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला उंच उडीत सुवर्ण जिंकणारी अॅलिस कोचमन टस्कीगीत घडली. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या खेड्यातल्या महाविद्यालयात एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉल शिकवत राहिले आणि ४०८ सामने जिंकून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालून दोनशेहून अधिक मुले व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेली.

एक खेडे, त्यातले एक गरीब महाविद्यालय, आणि साऱ्या देशाला माहीत असलेला संघ. हे केवळ चांगल्या खेळामुळे झाले नाही. रॉबिन्सन यांच्याइतकाच त्याचा मान कॉली निकल्सन या माणसाला द्यावा लागतो, आणि या पुस्तकाचा गाभा त्यांचे काम आहे असे मी मानतो. निकल्सन ग्रॅम्बलिंगचेच विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या मरीन दलात युद्धवार्ताहर होते. १९४८ मध्ये महाविद्यालयाने त्यांना क्रीडा-प्रसिद्धीचे काम दिले आणि तीस वर्षे त्यांनी ते केले. दर सामन्याचा वृत्तांत ते स्वतः लिहीत आणि देशभरातल्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांना पाठवत. कोणता मुलगा कुठला, त्याची उंची किती, किती यार्ड पळाला, घरी काय परिस्थिती, सगळे त्यात असे. संपादकांना आयता, नेमका, वाचनीय मजकूर मिळे. ग्रॅम्बलिंगचे नाव शिकागोतल्या आणि पिट्सबर्गमधल्या घरांत दर आठवड्याला पोचे. दक्षिणेतून कामासाठी उत्तरेला गेलेल्या कुटुंबांना तो संघ आपल्या गावाचा वाटू लागला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये ग्रॅम्बलिंग आणि मॉर्गन स्टेट यांचा सामना झाला, १९७६ मध्ये टोकियोत झाला. त्यामागे निकल्सन यांची खटपट होती. याच महाविद्यालयाचा डग विल्यम्स पुढे १९८८ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

आपल्याकडे महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतात, मैदान असते, कधी जिम असते. खेळाची बातमी लिहिणारा माणूस नसतो. ती जागा भरायची आहे हेच कोणाच्या मनात आलेले नाही. निकल्सन यांचे आयुष्य वाचताना ही उणीव सर्वांत जास्त जाणवते.

दुसरा माणूस बिल नन. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या कृष्णवर्णीय महाविद्यालयात शिकलेले, तिथे बास्केटबॉल खेळलेले. पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात ते क्रीडा संपादक झाले. दरवर्षी ते दक्षिणेत हिंडत, सामने पाहत, प्रशिक्षकांशी बोलत आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या उत्तम खेळाडूंचा एक संघ निवडून छापत. मैदानावर प्रत्यक्ष न उतरणारा, केवळ कागदावरचा संघ. पण त्या यादीत नाव येणे हा त्या मुलांच्या आयुष्यातला मोठा मान होता. शहरातच असलेल्या पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाला ही यादी कित्येक वर्षे दिसली नाही, किंवा दिसून पाहावीशी वाटली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या संघाचे डॅन रूनी यांनी नन यांनाच खेळाडू शोधायच्या कामावर घेतले. मग जे झाले ते अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात नोंदले गेले आहे. सदर्नचा मेल ब्लाउंट, अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ, साउथ कॅरोलिना स्टेटचा डॉनी शेल, असे एकेक खेळाडू स्टीलर्समध्ये आले आणि त्या संघाने सहा हंगामांत चार वेळा सुपर बोल जिंकला. २०२१ मध्ये नन यांना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर स्थान मिळाले. ते आयुष्यात एकही व्यावसायिक सामना खेळले नव्हते. वही घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहणारा वार्ताहर किती मोठे काम करून जातो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याच कुरियरमध्ये, याच वेस्ट व्हर्जिनिया स्टेटमध्ये शिकलेल्या वेंडेल स्मिथ यांनी बेसबॉलमधला वर्णभेद संपवण्यासाठी वर्षानुवर्षे लिहिले आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा ते त्याच्या सोबत गावोगाव फिरले. पत्रकारांच्या कक्षात त्यांना प्रवेश नसे. ते प्रेक्षकांत बसून टंकयंत्रावर बातमी लिहीत.

आता आपल्या घराकडे वळू. क्रिकेट खेळणाऱ्या पालवणकर बंधूंची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला माहीत असायला हवी. थोरले बाळू, चर्मकार समाजातले, १८७६ मध्ये धारवाडला जन्मलेले. वडील सैन्यात. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू खेळपट्टीची निगा राखत आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकत. डाव्या हाताने चेंडू असा वळवत की हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. मैदानावर सोबत, पण चहाच्या वेळी बाहेर, वेगळ्या भांड्यात. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम होते. के. नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या विजयाकडे जातिभेदाच्या अंगाने पाहिले आणि या भावांना संघात घेण्याचे महत्त्व लोकांपुढे ठेवले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलल्यावर शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले आणि आपले म्हणणे त्यांनी जाहीरपणे मांडले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

१९२० हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. ज्या समाजाची बातमी दुसरे कोणी छापत नाही त्याने आपले पत्र काढावे, ही जाणीव आणि ज्या खेळाडूला दुसरे कोणी कर्णधार करत नाही त्याने मैदानाबाहेर येऊन बोलावे, ही जाणीव एकाच वर्षी मुंबईत जागी होती. पण ‘मूकनायक’ला फार मोठी कामे होती, आणि ती त्याने केली. खेळासाठी वेगळे पत्र, वेगळा वार्ताहर ठेवणे त्या काळी शक्य नव्हते. पिट्सबर्ग कुरियरला लाखोंचा वाचक होता आणि जाहिराती होत्या. आपल्याकडच्या अस्पृश्य समाजाच्या पत्रांना अंक चालू ठेवणे हीच लढाई होती. म्हणून आपल्याला बिल नन लाभला नाही. यात कोणाचा दोष नाही, पण परिणाम मोठा झाला.

परिणाम असा की बाळू पालवणकर जवळजवळ विसरले गेले. १९५५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या गोलंदाजीची आठवण असलेली माणसे थोडी उरली होती. ते पुन्हा लोकांसमोर आले ते दोन पुस्तकांमुळे. एक रामचंद्र गुहा यांचे २००२ चे इंग्रजी पुस्तक. दुसरे त्याच्या कितीतरी आधीचे, १९४८ मध्ये विठ्ठल पालवणकर यांनी मराठीत लिहिलेले ‘माझे क्रीडा जीवन’. खेळाडूने स्वतः लिहून ठेवले म्हणून पन्नास वर्षांनी इतिहासकाराला धागा मिळाला. विठ्ठलरावांनी लेखणी उचलली नसती, तर या भावांविषयी आपल्याला धावफलकावरच्या आकड्यांपलीकडे फार थोडे कळले असते.

इथे तुलनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची महाविद्यालये वेगळी होती, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या होत्या, १९१२ पासून त्यांच्या स्वतःच्या संघटना होत्या. आपल्याकडे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने १९३२ पासून शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत आणले. पण ही मुले सर्वांसोबत एकाच विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळली, आणि तसेच व्हावे ही त्या संस्थापकांची इच्छा होती. वेगळी लीग इथे नको. आपल्या मैदानाची आपण नोंद ठेवण्याची सवय मात्र हवी, आणि ती वेगळ्या लीगशिवायही लागते. जातीचा उल्लेख तर धावफलकावर नसतोच, नसावाही. गाव, शाळा, महाविद्यालय, शिक्षकाचे नाव एवढे लिहिले तरी पुढच्या अभ्यासकाला सगळे वाचता येते.

नोंद झाली की काय होते याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत पळू लागली, वार्ताहरांनी तिच्या गावाचे नाव तिच्या नावाला जोडले आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ साऱ्या राज्याला कळली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, तेव्हा सावरपाडा कुठे आहे हे लोक आपणहून शोधू लागले. उलट उदाहरण नागपूरचे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. घराघरांत तो पोचला बहुतांशी २०२२ मध्ये, नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे. मधल्या वीस वर्षांत त्या मुलांनी जे सामने खेळले, ते आता कोण सांगणार? सिनेमा एक गोष्ट सांगतो. शंभर मुलांच्या शंभर गोष्टी सांगणे हे वार्ताहराचे काम.

खाशाबा जाधवांचेही स्मरण इथे करतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आले. महाविद्यालय आपल्या खेळाडूसाठी किती करू शकते, ते या एका व्यवहारात दिसते. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने जगात अव्वल असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्णपदक जिंकणाऱ्या कंपाउंड संघात होता. त्या दिवशी सगळ्यांनी बातम्या दिल्या आणि द्यायलाच हव्या होत्या. पण बुलढाण्याच्या मैदानावर त्याच्या आधीची आणि त्याच्या सोबतची मुले कोण होती, कोणी किती गुण मारले, कोण कशामुळे थांबले, हे वर्षानुवर्षे लिहिणारे कोणी असते तर आज या जिल्ह्यात तिरंदाजी कशी रुजली याचा पुरा इतिहास हातात असता.

स्थानिक स्पर्धेची बातमी जिल्हा पानावर येते ती बहुधा उद्घाटनाची. दीपप्रज्वलन कोणी केले, अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कोणाचे, आभार कोणी मानले. विजेत्या संघाचे नाव शेवटच्या ओळीत. खेळाडूंची नावे क्वचित. छायाचित्रात पुढच्या रांगेत मान्यवर आणि मागे उभी असलेली मुले. पत्रकारांना मी दोष देत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पीक विमा, पाणी, अपघात, निवडणूक सगळे एकट्याने पाहावे लागते आणि संध्याकाळपर्यंत पाठवावे लागते. अंतिम सामना रात्री दहाला संपतो, तेव्हा पान छपाईला गेलेले असते.

ही पोकळी गेल्या काही वर्षांत मोबाइलने भरायला सुरुवात केली आहे. गावात कबड्डीचे सामने असले की कोणीतरी तिपाईवर फोन लावतो, यूट्यूबवर लाइव्ह सुरू करतो, दुसरा माइक घेऊन समालोचन करतो. पुण्याला, सुरतला कामाला गेलेली गावची पोरे रात्री खोलीवर बसून तो सामना पाहतात आणि खाली आपल्या संघाचा जयजयकार लिहितात. शिकागोत बसून ग्रॅम्बलिंगचा वृत्तांत वाचणाऱ्या कुटुंबांची मला इथे आठवण होते. ओढ तीच आहे. आखाड्याच्या कुस्त्या अशाच दिसतात, शंकरपटही दिसतात. पटाच्या व्हिडिओत बैलाचे नाव, मालकाचे नाव, गाव, सेकंद, सगळे ठळक असते. कबड्डीच्या व्हिडिओत मात्र ‘सात नंबरची जर्सी’ एवढेच ऐकू येते. त्या सात नंबरच्या मुलाचे नाव, आडनाव, गाव सांगितले जात नाही. वर्षभराने तो सामना शोधायला गेलो तर सापडत नाही, कारण शीर्षकात तारीख नसते, संघांची नावे नसतात. वाहिनी बंद पडली की सारेच जाते. चित्र भरपूर, नोंद शून्य, अशी ही अवस्था आहे.

अमेरिकेतही अशी मोठी उलथापालथ झाली होती. १९७० नंतर दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना घेणे सुरू केले. त्यांच्याकडे पैसा होता, दूरचित्रवाणी होती. उत्तम मुले तिकडे गेली. कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांचा खपही घटला. न्याय झाला, आणि त्याच न्यायाने जुनी मैदाने रिकामी केली. इंटरनेट आल्यावर माजी विद्यार्थ्यांनी आणि जुन्या चाहत्यांनी निकाल, आकडे, मुलाखती पुन्हा लिहायला घेतल्या. ‘एचबीसीयू गेमडे’सारखी माध्यमे त्यातून उभी राहिली. २०२० मध्ये डिऑन सँडर्स हा नामवंत माजी खेळाडू जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि देशभरचे कॅमेरे मिसिसिपीत धावून आले. २०२१ च्या डिसेंबरात देशातल्या अव्वल शालेय खेळाडूंपैकी एक असलेल्या ट्रॅव्हिस हंटरने मोठी विद्यापीठे सोडून जॅक्सन स्टेट निवडले. वर्षभराने सँडर्स कोलोराडोला गेला, हंटर त्याच्या मागे गेला, कॅमेरे दोघांच्या मागे गेले. जे आधीपासून लिहीत होते ते तिथेच राहिले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानावर हजर झाले. मोठी माध्यमे मोठ्या माणसाच्या मागे येतात आणि त्याच्या मागे जातात. मैदान ज्यांचे आहे त्यांनीच रोज लिहायचे असते. या साऱ्या वाचनातून मी एवढे एक घेतले आहे.

याला एक रोकडी बाजूही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून ती कडक झाली आहे. खऱ्या खेळाडूलाही आपण खेळलो हे सिद्ध करताना धावपळ करावी लागते. संघ विसर्जित झालेला असतो, पंच बदललेले असतात, जुने रजिस्टर मिळत नाही. प्रमाणपत्राची जागा बातमी घेऊ शकत नाही, हे खरे. पण त्या तारखेला, त्या मैदानावर, त्या संघात अमुक मुलगी होती असे सांगणारा छापील किंवा जतन केलेला मजकूर असेल, तर तिच्या बाजूने बोलणारे काहीतरी असते. खोट्याला धाकही बसतो.

या पुस्तकात निकल्सन आहेत, नन आहेत, टेम्पल आणि त्यांच्या धावपटू मुली आहेत, मध्यंतरात मैदान व्यापून टाकणारे त्या महाविद्यालयांचे बँड आहेत, आणि आज मोबाइलवर हे काम पुढे नेणारी तरुण मंडळी आहेत. वाचकाने हे सारे दूरच्या देशाची हकिकत म्हणून वाचू नये. वाचताना आपल्या महाविद्यालयाचे मैदान डोळ्यांसमोर ठेवावे.

तरुण वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या सामन्याला जाल तेव्हा लाइव्ह जरूर करा, पण सोबत एक वही ठेवा. तारीख लिहा. दोन्ही संघ, मैदान, स्पर्धेचे नाव लिहा. बाराही खेळाडूंची पूर्ण नावे आणि गावे त्यांना विचारून लिहा, हरलेल्या संघाचीही. कोणाच्या किती चढाया, किती पकडी, गुण कसे झाले ते लिहा. क्रीडा शिक्षकाचे आणि पंचांचे नाव विसरू नका. व्हिडिओच्या शीर्षकात यातले जेवढे बसेल तेवढे घाला. मुलींच्या सामन्याला मुलांच्या सामन्याइतकीच जागा द्या. वर्ष संपले की वही स्वच्छ उतरवून तिची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक गावच्या वाचनालयात द्या. प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती अशी की हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला संघासोबत प्रवासाचे भाडे आणि जेवण द्या, त्याला संघाचा भाग माना. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दरवर्षी होतात. या वर्षीच्या स्पर्धेपासून सुरुवात करा.

— वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा